पुढच्या एसटीत डीसी

तर झालं असं, की बहिणीला नववा लागला आणि मला एकदम वाटायला लागलं की बाळासाठी आपण स्वतःच्या हाताने काहीतरी करावं. टोपडी-कुंच्या आईने शिवून ठेवल्या होत्या, गोधडी बहिणीच्या सासूबाईंकडून येणार होती, मग उरलं काय तर खेळणं. म्हटलं क्रोशाचा ससा करू. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आत्याने साखळी आणि खांब हे दोन टाके शिकवले होते, त्यावर मी एक टीव्हीवर टाकायचा रुमाल अर्धवट विणलाही होता, म्हणजे अगदीच शून्यातून सुरुवात नव्हती असा माझा समज. असल्या विणलेल्या, आत कापूस भरलेल्या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात हे तेव्हाच कळलं. शब्द जपानी आहे, अमि म्हणजे विणणं आणि नुइगुरुमी म्हणजे भरलेली बाहुली, दोन्हीची सांगड. खरं सांगू का, सगळ्या प्रकरणात मला पहिल्या फटक्यात कळलेला शब्द हा एवढाच.

सशाचा पॅटर्न फुकट मिळाला, चार पानांची पीडीएफ. पहिली ओळ, 6 डीसी इन एमआर. दुसरी ओळ, इंक इन ईच एसटी. तिसरी, डीसी इन नेक्स्ट एसटी, इंक, हे सगळं कंसात, कंसाबाहेर गुणिले 6 आणि शेवटी अजून एका कंसात 18. माझ्या भावाने एमपीएससीची तीन वर्षं केलीत. तो मागून वाचत होता, म्हणाला पुढच्या एसटीत डेप्युटी कलेक्टर बसलाय आणि एमआर त्याला गोळ्या विकतोय. खाली बीएलओ पण होतं, त्यावर म्हणाला हे बघ, मतदार यादीवाले पण आले. मी त्याला हाकललं पण मलाही काही कळत नव्हतंच.

मग गुगलवर लघुरूपांचा तक्ता शोधला. एसटी म्हणजे स्टिच, टाका. एमआर म्हणजे मॅजिक रिंग, दोऱ्याचा फास करून त्यातच पहिले टाके घालायचे आणि शेवटी शेपूट ओढलं की मधलं भोक मिटतं, हे खरंच जादूसारखं आहे, पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चार वेळा उलगडून परत केलं नुसतं बघायला. इंक म्हणजे वाढवणे, एकाच टाक्यात दोन टाके. बीएलओ म्हणजे बॅक लूप ओन्ली, टाक्याच्या फक्त मागच्या कडीत सुई घालायची. आरएस असंही एके ठिकाणी होतं, ते मी रुपये असणार म्हणून सोडून दिलं, म्हटलं विकायची किंमत वगैरे लिहिली असेल. ते लक्षात ठेवा, शेवटी येणारे.

आणि डीसी म्हणजे डबल क्रोशे. व्हिडिओ बघितला, सुईवर आधी एक वेढा घ्यायचा, मग टाक्यात सुई, दोरा ओढायचा, मग दोनातून काढायचा, परत दोनातून काढायचा. अरे हा तर आत्याचा खांब! इतका आनंद झाला म्हणून सांगू, म्हटलं आपल्याला येतंय की हे. हा आनंद मला पुढे तीन आठवड्यांना पडला.

लोकर आणायला तुळशीबागेच्या बाजूला गेले. पॅटर्नमधे लिहिलेलं डीके यार्न, हुक 4 मिमी. दुकानात काकांना म्हटलं डीके द्या. ते म्हणाले डीके कोण? मी म्हटलं डबल निटिंग. ते म्हणाले ताई, सिंगल करा नाहीतर डबल करा, लोकर एकच असते, बाळासाठी पाहिजे का, मग ही बेबी लोकर घ्या. बरं त्या गोळ्यावर लिहिलं होतं 4 प्लाय. मला वाटलं चार पदर मोजून बघू, उलगडून बघितलं तर तीन! नंतर कळलं की बाहेरच्या देशांत 4 प्लाय हे पदर मोजून दिलेलं नाव राहिलेलंच नाही, ते जाडीचं नाव झालंय, आणि डीके त्याच्यापेक्षा एक पायरी जाड. ऑस्ट्रेलियात त्याच डीकेला 8 प्लाय म्हणतात. म्हणजे पदर तीन, लिहिलेले चार आणि पाहिजे होती आठची. काका बिचारे बरोबरच होते, लोकर हाताने चाचपून घ्यायची वस्तू आहे. सुयांचं तर विचारूच नका, जुन्या ब्रिटिश मापात लोकरीच्या सुईचा आकडा वाढला की सुई बारीक होत जाते आणि अमेरिकन मापात आकडा वाढला की जाड, म्हणजे ब्रिटिश 8 नंबर 4 मिमीची आणि अमेरिकन एच-8 ही 5 मिमीची. मी सरळ कंपासपेटीतली पट्टी घेऊन गेले होते. मिलिमीटर म्हटलं की भांडण मिटतं.

दरम्यान मी एका ग्रुपमधे जॉइन झाले होते, क्रोशेवाल्यांचा, जगभरच्या बायका (आणि बरेच पुरुष, हे मला माहीत नव्हतं), हजारो मेंबर. पहिला आठवडा मी नुसती वाचत होते आणि मला वाटत होतं की आपण चुकून दुसऱ्याच ग्रुपमधे आलोय. एक बाई लिहायची, माझ्याकडे सात डब्ल्यूआयपी आणि अकरा यूएफओ आहेत आणि काल अजून एक सीएएल सुरू केलं, देवा वाचव. तर डब्ल्यूआयपी म्हणजे वर्क इन प्रोग्रेस, चालू काम. यूएफओ म्हणजे अनफिनिश्ड ऑब्जेक्ट, अर्धवट सोडून दिलेलं काम, माझा तो टीव्हीवरचा रुमाल 1998 पासून यूएफओ आहे हे मला आत्ता कळलं. झालं की एफओ. सीएएल म्हणजे क्रोशे अलाँग, सगळ्यांनी मिळून एकच वस्तू एकाच वेळी करायची. एलवायएस म्हणजे जवळचं लोकरीचं दुकान. आणि माझा लाडका सेबल, हा प्राणी नाही, स्टॅश ॲक्विझिशन बियाँड लाइफ एक्स्पेक्टन्सी, म्हणजे आयुष्य संपेल पण लोकर संपणार नाही एवढा साठा झाला असेल तर. आपल्याकडे साड्यांच्या कपाटाला हा शब्द अगदी फिट बसतो पण आपण अजून त्याला नाव दिलेलं नाही.

श्रावणात एका सकाळी एकीने लिहिलं, आज यार्न चिकन खेळतेय, प्रार्थना करा. मी सोमवारचा उपास करून बसलेली, म्हटलं हे काय नवीन. तर ते म्हणजे लोकर संपत आलीये आणि ओळही संपत आलीये, आता आधी कोण संपतं बघू. यार्न बार्फ अजून वाईट, गोळ्याच्या आतून टोक काढायला गेलं की गुंत्याचा अख्खा लगदा बाहेर येतो तो. लोकरीची ओकारी. किळसवाणं आहे पण एकदा हातात ती ओकारी आली की दुसरा शब्द सुचत नाही हेही खरं.

आता मूळ मुद्द्यावर येते, ससा.

डोकं सुरू केलं. सहा खांब रिंगमधे. दुसऱ्या फेरीत बारा. तिसऱ्या फेरीत मी आधी घोळ घातला, शेवटच्या कंसातले 18 हे अजून 18 टाके घाला असं समजून घातले, मग एका रात्री उशिरा ट्यूब पेटली की तो बेरजेचा आकडा आहे, फेरी संपल्यावर एकूण किती टाके झाले पाहिजेत ते ताडून बघायला. उसवलं. परत केलं. 6, 12, 18, 24, सगळं मोजून बरोबर, एक टाका इकडचा तिकडे नाही. आणि तरी डोक्याचं नरसाळं होत होतं! गोल वाटी व्हायची सोडून नुसता वर निमुळता टोकदार कोन, त्यात टाक्यांच्या मधे एवढी भोकं की आत कापूस भरला तर तो बाहेर डोकावून बघेल. मी परत मोजलं. परत उसवलं. हात घट्ट आहे म्हणून सैल विणलं, सैल झालं म्हणून घट्ट विणलं, तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा हिशोब बरोबर आणि ससा चूक. ह्याच्यासारखा वैताग नाही. चूक सापडली तर माणूस निदान स्वतःला शिव्या घालू शकतो.

मग धीर करून ग्रुपमधे फोटो टाकला. दहा मिनिटांत बारा उत्तरं, सगळ्या इतक्या प्रेमळ की मला लाजल्यासारखं झालं, पण मला त्यातलं एकही धड कळलं नाही. एक म्हणाली, टेन्शन चेक कर. मी म्हटलं टेन्शन तर आहेच. (टेन्शन म्हणजे विणीचा ताण, इतक्या सेंटिमीटरमधे किती टाके बसतात ते, अमेरिकन लोक त्यालाच गेज म्हणतात.) दुसरी म्हणाली ब्लॉक केलंस का? कोणाला? (ब्लॉक करणं म्हणजे विणलेलं ओलं करून टाचण्या टोचून आकारात वाळवणं, आणि भरलेल्या बाहुलीला ते सहसा लागतही नाही.) तिसरीने नुसतं लिहिलं, फ्रॉग इट. त्याला चाळीस लाइक. मी खरंच समजले की तिला माझा ससा बेडकासारखा दिसतोय, आणि टोकदार डोक्याचा बेडूक असतो का असा विचार करत मी रात्री अकरा वाजता बसले होते.

फ्रॉग करणं म्हणजे उसवणं. का, तर इंग्रजीत उसवणं म्हणजे रिप इट, ते भराभर म्हटलं की रिपिट रिपिट होतं आणि त्यांचा बेडूक रिबिट रिबिट ओरडतो. आता आपला बेडूक ओरडतो डराँव डराँव, त्यामुळे हा विनोद आपल्यापर्यंत पोचायचा काही मार्गच नाही. आणि एकेक टाका मागे जात हळूहळू सोडवायचं असेल तर त्याला टिंक म्हणतात, कारण विणण्याचं स्पेलिंग के-एन-आय-टी उलटीकडून वाचलं की ते होतं. हे मला कळलं तेव्हा मी स्वैपाकघरात एकटीच हसले, आणि जरा रागही आला, की बायांनो एका नवख्या बाईला फक्त उसव म्हणायला काय झालं होतं. पण त्यांनाही ते कोडं वाटतच नसणार. आपण नाही का पाहुण्याला सहज सांगतो, कट्ट्यावर चहा ठेवलाय म्हणून, आणि तो बिचारा अंगणातला कट्टा शोधत बसतो.

चौथी एक बाई मात्र होती, तिने विचारलं होतं, आर यू शुअर इट्स नॉट यूके? मी उत्तर दिलं, नो, आय ॲम फ्रॉम इंडिया. तिने हार्ट टाकून विषय सोडला.

शेवटी फोटो आत्याला पाठवला. आत्या मिरजेला असते, 74 वर्षांची, इंग्रजी पॅटर्न तिने जन्मात वाचलेला नाही. तिचा लगेच फोन.

"अगं हे खांब का घातलेस तू?"

"म्हणजे? डीसीच लिहिलंय आत्या. डीसी म्हणजे खांब."

"ते डीसी बिसी मला नको सांगू. बाहुलीला कुणी खांब घालतं का? भोकं पडणारच. मुके खांब घाल."

मुका खांब! मी विसरूनच गेले होते हा शब्द. खांबाला आधी सुईवर एक वेढा असतो, मुक्या खांबाला नसतो, सुई आत, दोरा ओढला, दोन्हीतून एकदम काढला, झालं. ठेंगणा, भरीव, बाजूच्याला चिकटून बसणारा. आत्या म्हणाली खांब उभा राहतो, मुका बसून राहतो. मी सहा मुके खांब घातले, बारा, अठरा, चोवीस, आणि माझ्या डोळ्यांसमोर चकती सपाट होत गेली, एखाद्या पापडासारखी. ह्याचं गणितही मी मग काढलं. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच. प्रत्येक फेरीला त्रिज्या एका टाक्याने वाढते, परीघ वाढायला हवा त्याच्या 2 पाय (गणितातला π) पट, म्हणजे सहाच्या थोडा वर. म्हणून सहा सहा वाढवायचे! शाळेतलं 2 पाय आर पहिल्यांदा हातात आलं. खांब जवळजवळ दुप्पट उंच, त्याला फेरीमागे बाराच्या आसपास वाढ लागते, मी सहाच देत होते, मग नरसाळं होणार नाही तर काय होणार.

पण मग डीसीचं काय? तर त्या चौथ्या बाईचा यूके आठवला आणि मग शोधल्यावर जे कळलं त्याने मी अक्षरशः डोक्याला हात लावला. क्रोशाच्या इंग्रजीत दोन बोली आहेत, अमेरिकन आणि ब्रिटिश, आणि दोघांनी तेच शब्द वेगवेगळ्या टाक्यांना दिलेत. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे, एससी. इंग्लंडात तोच डबल क्रोशे, डीसी. आपला खांब अमेरिकेत डबल क्रोशे, डीसी, आणि इंग्लंडात ट्रेबल. सगळी शिडी एकेका पायरीने सरकलेली. वेगळे शब्द असते तर माणूस अडला असता, विचारलं असतं, इथे अडायला काही होतंच नाही ना, डीसी दोन्हीकडे आहे! लक्षात ठेवायला मी एक युक्ती केलीये, ब्रिटिश नाव म्हणजे दोरा ओढल्यावर सुईवर किती कड्या आहेत ते मोजा, दोन म्हणजे डबल, तीन म्हणजे ट्रेबल, आणि अमेरिकन नाव म्हणजे मग कितीदा ओढून काढावं लागतं ते मोजा, एकदा म्हणजे सिंगल, दोनदा म्हणजे डबल. दोघेही बरोबर मोजतायत, फक्त वेगळी गोष्ट मोजतायत.

माझा पॅटर्न ब्रिटिश होता, तक्ता आणि व्हिडिओ अमेरिकन. आणि पुरावा चार पानं डोळ्यांसमोर होता, अख्ख्या पॅटर्नमधे एकही एससी नव्हतं. एससी दिसलं की अमेरिकन समजायचं, कारण ब्रिटिश नावांत सिंगल क्रोशे नाहीच. शिवाय कलरच्या स्पेलिंगमधे यू होता, टाका सोडा म्हणताना स्किपच्या जागी मिस लिहिलं होतं, टेन्शन होतं. सगळं ओरडून सांगत होतं. मी मात्र आत्याचा खांब दिसला म्हणून खूश.

ह्याच्यावर जपान्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला. त्यांच्या पुस्तकांत शब्दच कमी, चित्रं असतात. साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला इंग्रजी टी आणि त्याच्या पोटावर एक तिरकी रेघ, दोन वेढ्यांच्या खांबाला दोन रेघा. जितके वेढे तितक्या रेघा. ही चिन्हं तिथे राष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहेत म्हणे, त्यामुळे भांडायला जागा नाही. असा एक जपानी तक्ता मी आत्याला व्हॉट्सॲप केला, एक अक्षर तिला वाचता येणं शक्य नव्हतं, तर संध्याकाळपर्यंत तिने त्यावरून फुलाचा कोस्टर करून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, सोपं होतं, चौथ्या ओळीत तुझ्यासारखं मोजायला चुकले.

मग मी वहीत पॅटर्न मराठीत उतरवून घेतला. पहिली फेरी, फासात 6 मु. दुसरी, प्रत्येकात 2 मु. तिसरी, 1 मु, मग एकात 2 मु, असं 6 वेळा, एकूण 18. मु म्हणजे मुका, खां म्हणजे खांब, सा म्हणजे साखळी. भाऊ बघून म्हणाला, म्हणजे तू पण लघुरूपंच केलीस की. केली. सतरा वेळा मुका खांब कोण लिहीत बसणार, पॅटर्न लिहिणारी बाई काही दुष्ट नव्हती हे तेव्हा पटलं. तिने फक्त वर एका ओळीत लिहायला हवं होतं की ही नावं ब्रिटिश आहेत, बहुतेक जण लिहितात, हिने नव्हतं लिहिलं.

पुढचं भराभर झालं. डोकं दोन दिवस, अंग तीन दिवस, पाय एका लांबच्या मीटिंगमधे कॅमेरा बंद ठेवून. फेरीची सुरुवात कळायला स्टिच मार्कर लागतो असं लिहिलं होतं, मी सेफ्टी पिन लावली, आत्या दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवते. डोळ्यांसाठी सेफ्टी आइज लिहिले होते, मागून चकती दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे डोळे. नावात सेफ्टी आहे म्हणून मी ऑर्डर करून पण टाकले, आणि मग वाचलं की तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्याला ते लावूच नयेत, निघाला तर तोंडात जातो. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार. काळ्या दोऱ्याने डोळे भरले, जरा तिरळे झालेत.

दुसरा कान बारशाच्या आदल्या रात्री सव्वाबाराला लावला आणि ग्रुपमधे फोटो टाकला, एफओ. त्या यूकेवाल्या बाईने परत हार्ट टाकलं, मी तिला लिहिलं की तेव्हा तू बरोबर होतीस, इट वॉज यूके. ती म्हणाली, आय नो हनी.

बारशाला आत्या मिरजेहून आली होती. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, मग तिने ससा हातात घेतला, चष्मा वर करून बघितला, कान ओढून बघितले, पोट दाबलं. माझे कान टवकारलेले. विणीवरून अंगठा फिरवत म्हणाली, "बाहेर आडव्या रेघा दिसतायत बघ, सुलट बाजूला इंग्रजी व्ही दिसतात ओळीने. उलटी बाजू बाहेर ठेवलीस तू सगळी."

आरएस. राइट साइड. रुपये नव्हते ते.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय," आत्या म्हणाली आणि ससा पाळण्यात ठेवला. बाळाने हात हलवताना त्याचा लांबलेला कान नेमका मुठीत धरला.

नरसाळं मी उसवलेलं नाही. त्यात सध्या डाळिंब्या सोलताना घालायचं आईचं बोंडकं, म्हणजे अंगठ्याला लावायची टोपी, ती आणि सुया राहतात.